‘हळूहळू हात हलवणं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

ज्येष्ठांसाठी ताई ची (संथ, सलग हालचालींचा चिनी व्यायामप्रकार) या माझ्या लेखाखाली ‘स्पष्टवक्ता’ या टोपणनावाने आलेल्या प्रतिक्रियेला तिथेच दोन ओळींत उत्तर देणार होते. ओळी वाढत गेल्या, म्हणून वेगळं लिहिते आहे. प्रतिक्रिया जशीच्या तशी अशी:

“ताई ची म्हणजे हळूहळू हात हलवणं. याला व्यायाम म्हणणं ही म्हाताऱ्या माणसांची फसवणूक आहे. तुमचा लेख वाचून वडिलांनी (वय ७२) तीन आठवडे केलं, आता गुडघा धरून बसलेत. कोणी काय करू नये हे लेखात कुठेच नाही. याने हाडं मजबूत होत नाहीत, ताकद वाढत नाही. त्यापेक्षा रोज अर्धा तास भरभर चाललेलं बरं.”

आधी ‘फसवणूक’ या शब्दाबद्दल. फसवणूक व्हायची तर मध्ये काहीतरी देवघेव लागते. त्या लेखात मी काही विकलेलं नाही, क्लासची जाहिरात केलेली नाही, आजार बरे करण्याचा दावा तर अजिबात नाही. तुम्हाला लेख पटला नाही, ठीक आहे. पण न पटणं आणि फसवलं जाणं यांत फरक असतो, आणि स्वतःला स्पष्टवक्ता म्हणवणाऱ्याला तो कळायला हरकत नसावी. ‘म्हाताऱ्या माणसांची’ हेही खटकलं. बहात्तराव्या वर्षी एखादा गृहस्थ लेख वाचून आपणहून काही नवीन शिकायला उभा राहतो, तर घरच्यांनी त्याच्याबद्दल जरा बऱ्या शब्दांत लिहावं.

आता ‘हळूहळू हात हलवणं’. चौदा वर्षं ज्येष्ठांना शिकवते आहे, त्यामुळे हे वाक्य मला नवीन नाही. लांबून बघणाऱ्याला हात दिसतात, कारण हातच हवेत असतात. काम चाललेलं असतं ते कमरेखाली.

‘रानघोड्याची आयाळ’ ही मुद्रा घ्या. १९५६ मध्ये चीनमध्ये ताई चीच्या यांग शैलीवरून २४ मुद्रांचा जो सोपा संच बसवला गेला, त्यात सुरुवातीच्या मुद्रेनंतर लगेच ती येते. डावी, उजवी, डावी अशी तीनदा. सगळा भार उजव्या पायावर, गुडघा किंचित वाकलेला. डावा पाय पुढे जातो आणि त्याची फक्त टाच टेकते, तीही रिकामी. रिकामी म्हणजे किती रिकामी? त्या क्षणी कोणी ‘थांबा’ म्हणालं, तर तो पाय धक्का न देता उचलून परत मागे घेता आला पाहिजे. घेता येत नसेल, तर तुम्ही पाऊल टाकलेलं नाही, त्या पायावर जाऊन पडला आहात. मग टाचेवरून तळवा, तळव्यावरून चवडा टेकतो, भार पुढे सरकतो आणि साधारण ७० टक्के पुढच्या, ३० टक्के मागच्या पायावर येऊन थांबतो. हात एवढ्या वेळात आपोआप उघडलेले असतात. ते नसते तरी व्यायाम फारसा कमी झाला नसता.

हे सगळं चार-पाच सेकंदांत. नेहमीच्या चालण्यात एकेक पाय एकट्याने अंग पेलतो तो वेळ अर्ध्या सेकंदाहूनही कमी असतो; थोडा तोल गेला तरी पुढचं पाऊल येऊन सावरून घेतं. हळू केलं की ही पळवाट बंद होते. सायकल वेगात असली की सरळ जाते, माणसाच्या चालीने चालवली की हँडल डुगडुगायला लागतं, तसंच. तेव्हा ‘हळूहळू’ हा शब्द तुम्ही हिणवण्यासाठी वापरला आहे, पण अवघड भाग नेमका तोच आहे.

आणि त्याचा उपयोग काय? २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. निवासी सेवा केंद्रांतल्या ज्येष्ठांचं पडणं कॅमेऱ्यात टिपलं गेलं होतं, अशा २२७ प्रसंगांची तपासणी त्यात होती. घसरून पडल्याचं प्रमाण निघालं ३ टक्के, अडखळून २१ टक्के, आणि अंगाचा भार चुकीचा सरकल्यामुळे ४१ टक्के. वळताना, उभं राहताना, वाकताना भार एका पायावरून दुसऱ्यावर नीट गेला नाही आणि माणूस पडला. ताई चीमध्ये आपण दुसरं काही करत नसतो. एका पायावरून दुसऱ्यावर भार नेतो, आणि तो कुठे आहे हे दर क्षणी स्वतःला विचारतो.

वडिलांच्या गुडघ्याबद्दल वाईट वाटलं, हे मनापासून. पण त्यांना न बघताही काय झालं असेल याचा अंदाज येतो. पहिल्या आयाळीकडून दुसरीकडे जाताना पुढचं पाऊल साधारण ४५ अंश बाहेर वळवायचं असतं. त्या वेळी ७० टक्के भार त्याच पायावर आहे. बुटाचा रबरी तळ फरशीला घट्ट धरून बसला आहे. माणूस कमरेतून वळतो, मांडी वळते, नडगी जागची हलत नाही. मग पीळ कुठे जाणार? गुडघा ही मुख्यतः बिजागरी आहे. ती उघडते, मिटते. पिळण्याचं काम खुब्याचं. हाच पीळ दिवसाला डझनभर वेळा, तीन आठवडे रोज बसला, तर चांगला गुडघाही कुरकुरेल.

योग्य क्रम असा. आधी मागच्या पायावर बसल्यासारखा भार घ्यायचा. पुढचा चवडा आपसूक हलका होऊन उचलला जातो, टाच टेकलेलीच राहते. मग कंबर वळते आणि तिच्याबरोबर चवडा वळतो. तो टेकल्यावर पुन्हा भार पुढे. बस, एवढंच. ज्यांना हे जमत नाही ते बहुतेक वेळा पवित्रा अरुंद घेतात, म्हणजे दोन्ही टाचा एका रेषेत, दोरीवर चालल्यासारख्या. त्या आगगाडीच्या रुळांसारख्या हव्यात, मध्ये खुब्याएवढं अंतर. शिवाय व्हिडिओतली विशीतली मुलं बघून लोक खोल बसतात. बहात्तराव्या वर्षी उंच उभं राहूनच करायचं. गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेला राहावी आणि बोटांच्या पुढे जाऊ नये. बूट पातळ, सपाट तळाचे. खोल नक्षीचे धावायचे बूट इथे शत्रू.

थोडक्यात, वडील हात बघून हात हलवायला गेले आणि पायांकडे कोणाचं लक्ष नव्हतं. म्हणजे ताई ची म्हणून तुम्ही ज्याला नावं ठेवता, नेमकं तेच त्यांनी केलं. दोष मला.

एक बारीकशी गोष्ट मात्र मान्य करते. लेखात मी ‘पुढचं पाऊल ४५ अंश बाहेर वळवा’ असं लिहिलं होतं. त्याआधीचं ‘भार मागच्या पायावर घेऊन’ हे अर्धं वाक्य राहून गेलं. शिकवताना ते इतक्या वेळा तोंडून जातं की लिहिताना गृहीत धरलं गेलं. आज दुरुस्त केलं आहे. त्यावरून अख्ख्या लेखाला फसवणूक म्हणायची गरज नव्हती.

बाकीचे मुद्दे. हाडं मजबूत होतात असं मी लिहिलेलंच नाही, वाटल्यास पुन्हा वाचा. ताकदीचा व्यायाम वेगळा करावाच लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत ६५ वर्षांवरच्यांसाठी स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस आणि तोलावर भर देणारा किमान तीन दिवस, असे दोन्ही सांगितले आहेत. भरभर चालावं म्हणता, तर चाला की! कोणी अडवलं आहे? फक्त चालण्याने तोलाचं काम भागतं असं समजू नका. २०१८ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या, पडण्याचा धोका जास्त असलेल्या ६७० जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, एकेक तास, २४ आठवडे. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ताई चीवर बेतलेला व्यायाम करणाऱ्यांचं पडणं ५८ टक्क्यांनी कमी होतं. तोल, ताकद, दमसास असा मिश्र व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेतही ३१ टक्क्यांनी कमी.

‘काय करू नये हे कुठेच नाही’ हे खरं नाही. शेवटी ‘आपापल्या प्रकृतीनुसार’ असं लिहिलं आहे. तरी तुमच्यासाठी फोड करून सांगते. ‘साप खाली उतरतो’ ही एका पायावर खोल बसायची मुद्रा ज्येष्ठांनी सरळ गाळावी. टाचेने लाथ मारायची तिथे पाय न उचलता चवडा जमिनीला टेकलेला ठेवावा. ‘समुद्रतळाची सुई’मध्ये हाडं ठिसूळ असणाऱ्यांनी पाठ गोल करून वाकू नये, पाठ सरळच ठेवावी आणि नजर खाली न्यावी. खुबा बदललेला असेल तर कोणत्या हालचाली वर्ज्य आहेत ते शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडून आधी विचारून घ्यावं. श्वास कुठेही रोखायचा नाही. मोजत, कोंडून श्वास घेणाऱ्यांना चक्कर येते.

आता वडिलांसाठी. दुखतं कुठे ते बघा. वाटीच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुधा बसणं जास्त खोल होतं आहे, आतल्या बाजूला दुखत असेल तर मला पिळाचा संशय आहे. सूज असेल, गुडघा मध्येच अडकत असेल किंवा निसटल्यासारखा वाटत असेल, तर ताई ची बंद आणि आधी डॉक्टर. हे काही नसेल तर दुखणं शमल्यावर दोन आठवडे मुद्रा नकोत. जड खुर्चीच्या पाठीवर एक हात ठेवून, दोन पायांत खुब्याएवढं अंतर ठेवून, नुसता भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचा, पाच मिनिटं. भार पूर्ण गेला की रिकाम्या पायाची टाच उचलून बघायची. ती सहज उचलली गेली तरच पुढे.

तरीही काही अडलं तर विचारा. पण शक्यतो वडिलांनाच लिहू द्या. लेख त्यांनी वाचला आहे.