‘बिनधास्त शेठ प्रोंना लोळवतो’ : एका फॉरवर्डची झडती

उद्योजकतेच्या ग्रुपांवर एक किस्सा अधूनमधून डोकं वर काढतो. २०१९ साली लंडनमध्ये दहा लाख पौंडांची पोकर स्पर्धा झाली. तिथे एका हौशी चिनी उद्योजकाने जगातल्या नामांकित प्रोंना, म्हणजे पोकरवरच पोट भरणाऱ्या खेळाडूंना, धूळ चारली आणि सगळ्यांत मोठी रक्कम खिशात घातली. कारण काय, तर ज्याला पैशाची भीती नाही तो हिशेब करत बसणाऱ्याला हरवतोच. वर पैसाही म्हणे दानधर्माला गेला. शेवटी आपल्याला सल्ला : घाबरू नका, ऑल-इन जा, म्हणजे जवळचं सगळं एकाच डावावर लावा.

स्पर्धा खरी आहे. ट्रायटन मिलियन, ऑगस्ट २०१९, ५४ खेळाडू, प्रवेशाचे प्रत्येकी साडेदहा लाख पौंड, म्हणजे त्या वेळच्या भावाने नऊ कोटी रुपयांच्या आसपास. विजेता ॲरन झँग, हेही खरं. बाकीचं मात्र एकेक करून बघावं लागेल.

आधी रकमेचं बघू. सगळ्यांत मोठी रक्कम झँगने नेलीच नाही. ती नेली दुसऱ्या आलेल्या ब्रिन केनीने, आणि केनी पक्का प्रो. शेवटी दोघेच उरले तेव्हा केनीसमोर चिप्सचा, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्यांचा, ढीग बराच मोठा होता. जाहीर बक्षिसं होती पहिल्याला १ कोटी ९० लाख पौंड आणि दुसऱ्याला १ कोटी १६ लाख ७० हजार. दोघांनी डील केली. चिप्सच्या प्रमाणात पैसे आधीच वाटून घेतले आणि उरलेला डाव फक्त किताबासाठी खेळले. केनीच्या वाट्याला १,६८,९०,५०९ पौंड आले, झँगच्या वाट्याला १,३७,७९,४९१. पुढे झँगने बाजी उलटवली आणि करंडक उचलला, पण पैसे ठरले होते ते ठरलेच होते. आता गंमत बघा. डील केली नसती तर झँगला पूर्ण १ कोटी ९० लाख मिळाले असते. ज्या माणसाला हिशेबाची पर्वा नव्हती असं फॉरवर्ड सांगतो, त्याने सगळ्यांत मोठ्या क्षणी शांतपणे हिशेबच केला. चिप्स कमी असताना वीस लाखांहून जास्तीचे पौंड पदरात पाडून घेतले. शहाणपणाच केला, पण किस्स्याची अर्धी हवा तिथेच जाते.

दुसरं, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रोंशी भिडला हेही तसं नाही. प्रवेश निमंत्रितांनाच होता. श्रीमंत हौशी खेळाडूला बोलावणं जायचं आणि त्याने सोबत एक पाहुणा आणायचा. हे पाहुणे बहुतेक प्रो. सुरुवातीच्या टप्प्यात हौशी मंडळी हौशींच्याच टेबलांवर बसली आणि प्रो प्रोंशी झुंजले, सरमिसळ नंतर झाली. म्हणजे प्रोंनी एकमेकांना कापायचं काम आधी केलं. या रचनेत कोणाची मर्जी चालते तेही दिसतं : जगातला अव्वल प्रो असलात तरी एखाद्या शेठने बोट धरून आत नेल्याशिवाय खुर्ची नाही. त्यामुळे या वर्तुळातल्या प्रोला पत्त्यांइतकंच गप्पा मारणं, हरलेल्याला न डिवचणं आणि डाव रेंगाळू न देणं जमावं लागतं. शेठ कंटाळला की खेळच बंद.

‘पैशाची भीती नाही म्हणून जिंकतो’ हा मुद्दा मात्र अगदीच पोकळ नाही. डॅलसचा बँकर अँडी बील याने तो जवळजवळ खरा करून दाखवला होता. २००१ ते २००६ या काळात तो अधूनमधून लास वेगासला यायचा आणि नावाजलेल्या प्रोंशी एकास एक लिमिट होल्डेम (बेटची रक्कम आधी ठरलेली असते असा पोकरचा प्रकार) खेळायचा. स्पर्धा नव्हे, रोख खेळ. डोळ्यांवर मोठा काळा गॉगल, कानांवर हेडफोन. त्याचं गणित साधं होतं : बेट एवढी वाढवायची की समोरच्याच्या हाताला घाम फुटावा. लिमिट चढत चढत १ लाख-२ लाख डॉलरपर्यंत गेली. त्या आकड्याला प्रोंना भीती वाटली, यात शंका नाही. मग त्यांनी ती वाटून घेतली. डॉयल ब्रन्सन, जेनिफर हार्मन, टेड फॉरेस्ट वगैरेंनी पैसे एकत्र केले, एक जण खेळायला बसे आणि नफातोटा सगळ्यांचा. फेब्रुवारी २००६ मध्ये बीलने आधी एक कोटीहून जास्त डॉलर जिंकले. मग समोर फिल आयव्ही येऊन बसला आणि तीन दिवसांत १ कोटी ६६ लाख डॉलर परत घेऊन गेला.

आजच्या महागड्या स्पर्धांतही रीत तीच आहे. प्रो दहा लाखांचा बाय-इन, म्हणजे प्रवेशाची रक्कम, स्वतःच्या कपाटातून क्वचितच काढतो. तो आपल्याला मिळेल त्या बक्षिसातला हिस्सा आधीच विकतो, दुसऱ्या प्रोंशी टक्क्यांची अदलाबदल करतो, नाहीतर कोणीतरी त्याला पैसे पुरवतो. टीव्हीवर त्याच्यापुढे दिसणाऱ्या चिप्सपैकी खऱ्या अर्थाने त्याच्या किती, हे त्याला आणि त्याच्या भागीदारांनाच ठाऊक. तेव्हा घर गहाण टाकून थरथरणारा प्रो आणि निर्धास्त शेठ हे चित्र फिल्मी आहे.

‘पण जिंकला ना?’ असं कोणी म्हणेल. जिंकला. त्यात आश्चर्य किती ते मोजू. समजा, ५४ पैकी निम्मे हौशी आहेत आणि प्रत्येक हौशीची जिंकण्याची शक्यता प्रोच्या निम्मीच आहे. तरीही अशा तीन स्पर्धांपैकी सरासरी एक कोणीतरी हौशी जिंकेल. एका स्पर्धेवरून धाडसाचा सिद्धांत मांडणारा माणूस पोकर खेळलेला नसतो, एवढं नक्की. आणि एकाऐवजी तीन बघायच्या असतील तर लास वेगासच्या दहा लाख डॉलरच्या ‘बिग वन फॉर वन ड्रॉप’ स्पर्धा आहेत, हौशी आणि प्रो दोघांनाही खुल्या. २०१२ मध्ये जिंकला अँटोनियो एस्फांदियारी, २०१४ मध्ये डॅनियल कोलमन, २०१८ मध्ये जस्टिन बोनोमो. तिघेही प्रो. २०१२ ला ४८ जण बसले होते, पैसे मिळाले नऊ जणांना. उरलेल्या ३९ जणांवर फॉरवर्ड निघत नाही.

२०१६ ला हीच स्पर्धा मॉन्टे कार्लोत झाली तेव्हा तर प्रोंना प्रवेशच नव्हता. बिनधास्त शेठ प्रोंना सहज लोळवत असते तर दार लावून घ्यायची गरज काय होती?

दानधर्माचं थोडक्यात. २०१२ च्या ‘बिग वन’मध्ये प्रत्येकाच्या दहा लाखांतले १,११,१११ डॉलर पाण्यासाठी काम करणाऱ्या वन ड्रॉप या संस्थेला गेले, एकूण ५३ लाखांच्या वर. लंडनला बाय-इनवर पन्नास हजार पौंड वेगळे घेतले. रक्कम मोठीच आहे, पण बाकीचा सगळा पैसा बक्षिसांत गेला.

हौशी म्हणजे नवखा, ही समजूतही सोडावी. २०१२ ला तिसरा आलेला डेव्हिड आइनहॉर्न हा हेज फंडवाला. त्याने मिळालेले सुमारे साडेत्रेचाळीस लाख डॉलर दान केले, म्हणून त्याचं नाव होतं. पण त्याआधी २००६ मध्ये तो वर्ल्ड सिरीज या पोकरच्या नामांकित स्पर्धामालिकेच्या मेन इव्हेंटमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेत, हजारो खेळाडूंत अठरावा आला होता, हे कोणी सांगत नाही. आपल्याकडचं उदाहरण म्हणून संतोष सुवर्णा यांचं नाव घेतात. कॅसिनो व्यवसायातले भारतीय उद्योजक, २०२४ मध्ये वर्ल्ड सिरीजची अडीच लाख डॉलरची स्पर्धा जिंकून ५४ लाख डॉलर मिळवले. तेही असे अचानक उगवलेले नव्हेत. आदल्या वर्षी युरोपातल्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्यांनी एक ब्रेसलेट, म्हणजे तिथल्या विजेत्याला मिळणारं कडं, जिंकलं होतं. हे लोक धंदा सांभाळून खेळतात एवढंच. डावांचा अभ्यास करतात, काही जण पैसे मोजून शिकवणीही लावतात.

राहिला ऑल-इनचा सल्ला. हजार कोटींच्या मालकासाठी नऊ कोटी म्हणजे एक टक्काही नाही. तो ऑल-इन गेला तरी टेबलावरच्या चिप्स जातात, घरची चूल चालूच असते. महिना चाळीस हजार कमावणाऱ्याने त्याच प्रमाणात ‘धाडस’ करायचं म्हटलं तर वर्षाच्या पगारातून फार तर साडेचार हजार काढावेत. फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या मनात तेवढेच नसावेत.

आणि ‘पोकरमधून इतके कोटी कमावले’ असे जे आकडे अशा फॉरवर्डांत असतात, ते नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटींवरून उचललेले असतात. तिथे फक्त मिळालेली बक्षिसं धरतात. भरलेले बाय-इन वजा होत नाहीत, एकाच स्पर्धेत पुन्हा पैसे भरून दुसऱ्यांदा बसला असेल तर तेही नाहीत, आणि विकलेला हिस्साही नाही. वर्षात अडीच-अडीच लाखांचे दहा बाय-इन भरून एकदा वीस लाख जिंकणारा माणूस त्या यादीत वीस लाखांचा धनी दिसतो. प्रत्यक्षात तो पाच लाखांनी खड्ड्यात असतो.