माशी नेमकी कुठे शिंकते

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समधल्या वॉरंबंगल राष्ट्रीय उद्यानाचा ज्वालामुखी विझून सव्वा कोटीहून जास्त वर्षं झाली. माश्या मात्र जागृत आहेत. सिडनीहून जवळपास ५०० किलोमीटर गाडी हाकून कूनाबराब्रन गाव गाठावं, पेट्रोल-किराणा तिथेच भरावा (उद्यानात मिळत नाही), पुढे उद्यानात जाऊन गाडीचं दार उघडावं. नाकावर माशी बसू न देणारी माणसं इथे दोन मिनिटांत सुधारतात.

ही बुश फ्लाय. चावत नाही. तिला आपले अश्रू, घाम आणि लाळ हवी असते. त्यातल्या प्रथिनांवर तिची अंडी पोसतात. थोडक्यात, आपण पाहुणे नसून पंगतीतलं पान आहोत. बाळंतपण गुरांच्या शेणात. इथले शेणकिडे कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले, त्यांना हे ओलं शेण आवरेना. म्हणून १९६०च्या दशकापासून सरकारी शास्त्रज्ञांनी परदेशी शेणकिडे आणून सोडले. आमच्या डोळ्यांपर्यंत त्यांची कामगिरी अजून पोचायची आहे.

उपाय एकच, जाळी. ती नुसती डोक्यावर ओढली तर नाकाला चिकटते आणि माशी बाहेर बसूनच काम उरकते. आधी रुंद काठाची टोपी, वरून जाळी, मग गळ्याशी नाडी. रंग गडद घ्यावा. पांढरी जाळी उन्हात चमकते, डोंगर दिसत नाही. पाणी पिताना खालून बोटभर उचलायची, आणि माशी शिंकते ती इथेच. एक आत शिरते. मग तिच्यासाठी सगळी नाडी सोडायची, की बाहेरच्या चाळीस आत.

ग्रँड हाय टॉप्सची वाट १४.५ किलोमीटर, पाच-सहा तास, माणशी ३ लिटर पाणी. पाठीवर माश्या फुकट चढतात. चढू द्याव्यात, झटकल्या की तोंडावर येतात. वर ब्रेडनाइफ: भेगेत शिरून गोठलेल्या चिकट लाव्हाची ९० मीटर उंच भिंत, आजूबाजूचा मऊ खडक झिजल्यावर उघडी पडलेली. पातळ लाव्हाचे थर रचत बसलेल्या आपल्या सह्याद्रीला हा नखरा जमला नाही. भिंतीवर चढायला बंदी आहे. माश्यांना नाही.

जून-जुलैत माश्या तुरळक, पण रात्री पारा शून्याखाली.

बाकी ऋतूंत सूर्यास्ताची वाट पाहावी. मात्र तेव्हाच कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून गाडी उजेडातच तळावर लावावी. अंधार पडला की माश्या झोपतात. २०१६पासून हे ऑस्ट्रेलियातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे दिव्यांच्या उजेडापासून आकाश राखलेलं उद्यान. मॅगेलनचे दोन्ही मेघ (ढग नव्हेत, शेजारच्या आकाशगंगा) नुसत्या डोळ्यांनी दिसतात, तेही जाळीविना. पहाटेचा चहा याच सवलतीत बसतो. कप ऊन यायच्या आत रिकामा करावा.