१ मे म्हणजे फक्त १९६० नाही

दरवर्षी १ मे आला की तेच फोटो, तेच स्टेटस, "गर्जा महाराष्ट्र माझा" आणि सुट्टी. १९६० बद्दल अभिमान मलाही आहे, त्यासाठी फ्लोरा फाउंटनला लोकांनी छातीवर गोळ्या झेलल्या, आणि तरी बेळगाव, निपाणी, कारवार बाहेरच राहिलं ही सल आहेच. पण ह्याच तारखेला आपल्या राज्यात अजून काय काय झालं ते कोणी सांगतच नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१ मे १९६२ घ्या. राज्य होऊन बरोब्बर दोन वर्षं, आणि त्या दिवशी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. वसंतराव नाईक तेव्हा महसूलमंत्री होते, त्यांच्या समितीने अभ्यास करून अहवाल दिला, त्यावर १९६१ चा कायदा आला. पंचायत राज कसं असावं हे सुचवणाऱ्या दिल्लीतल्या बलवंतराय मेहता समितीने जास्त भर तालुका पातळीवर दिला होता, आपण तो जिल्ह्यावर दिला, म्हणजे पैसा, अधिकारी, शाळा, दवाखाने, रस्ते हे सगळं निवडून आलेल्या माणसांसमोर आणून ठेवलं. खेड्यात वाढलेल्या आपल्यातल्या किती जणांची पहिली शाळा "झेडपीची" होती आठवा! लस टोचली ती प्राथमिक आरोग्य केंद्रात, तेही झेडपीचंच. १९६० ने राज्य दिलं पण ते गावापर्यंत पोचलं ते १९६२ मुळे, माझं तरी हेच ठाम मत आहे. किती आमदार-मंत्री ह्याच सभागृहात बोलायला शिकून पुढे गेलेत.

मग १ मे १९८१, अंतुले मुख्यमंत्री, रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला आणि औरंगाबादमधून जालना. सावंतवाडीकडच्या माणसाला कलेक्टर ऑफिसच्या एका कामासाठी पार रत्नागिरी गाठावी लागायची, घाटवळणाचा रस्ता, दिवस मोडायचा, साहेब भेटले नाहीत तर मुक्काम. त्यांच्यासाठी तो १ मे केवढा मोठा असेल. १९९९ ला परत हीच तारीख, परभणीतून हिंगोली, भंडाऱ्यातून गोंदिया. १९६० ला २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत, त्यातले चार एकट्या १ मे ने दिलेत.

आणि ज्या झेडपीचा हा वाढदिवस, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी २०२२ पासून कित्येक वर्षं निवडणुकाच झाल्या नाहीत, प्रशासक बसवून कारभार चालला, त्याबद्दल १ मे च्या भाषणात कोणी चकार शब्द काढला नाही. मला हे फार गंभीर वाटतं. मेंबरच नाही तर गळक्या वर्गखोलीबद्दल बाईंनी, पालकांनी जायचं कोणाकडे?

१ मे ला गावोगावी ग्रामसभा असते, झेंडावंदन झालं की बरेच जण घरी निघतात. सरपंच, ग्रामसेवक, शिक्षक, कोणी वाचत असाल तर प्लीज, ह्या वेळी १९६० सोबत १९६२ बद्दल पण पाच मिनिटं बोला, आणि सिंधुदुर्ग, जालना, हिंगोली, गोंदियावाल्यांनो, तुमच्या घरातल्या जुन्या माणसांना जिल्हा झाला तेव्हाचं विचारून खाली कमेंटमधे लिहा.