"नुसता भिरभिरतो" या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

दोन तारे देऊन तुम्ही जे लिहिलंत ते ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. इतरांसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. डेमोत छान चाललेला आमचा एआय एजंट, म्हणजे स्क्रीन बघून स्वतःच माऊस चालवणारा प्रोग्रॅम, तुमच्याकडे "नुसता भिरभिरतो". मेनू उघडायच्या आत कर्सर पुढे निघून जातो. उजव्या स्क्रीनवर वरची बटणं बरोबर सापडतात, पण खाली गेलं की भलत्याच ओळीवर जाऊन बसतो. तुम्ही माऊसला हात लावला की ओढाताण. रात्री लावून गेलात तर सकाळी काम शून्य. आणि शेवटी, "त्यापेक्षा नवा मुलगा ठेवला असता तर बरं."

हे शेवटचं वाक्य झोंबलं, कारण नव्या मुलाला जे सांगावंही लागत नाही तेच आम्ही एजंटला नीट शिकवलं नव्हतं: माऊस न्यायचा आणि तिथे जरा थांबायचं. विंडोजच्या मूळ सेटिंगमध्ये पॉइंटर 4 बाय 4 पिक्सेलच्या चौकटीत 400 मिलिसेकंद स्थिर राहिला, तरच तो 'टेकला' असं धरलं जातं. तुमच्या जुन्या डेस्कटॉप सॉफ्टवेअरमधले सबमेनू आणि टूलटिप (पॉइंटर थांबला की बाजूला उमटणारी छोटी माहितीची चौकट) या थांबण्यावरच उघडतात. आमचा एजंट 150 मिलिसेकंदांतच स्क्रीनचा फोटो काढून मॉडेलला, म्हणजे पुढे काय करायचं ते ठरवणाऱ्या एआयला, पाठवायचा. मॉडेलला मेनू दिसायचा नाही, मग स्वारी दुसरीकडे शोधायला. डेमो आम्ही ब्राउझरमधल्या पानावर दिला होता, आणि तिथला मेनू पॉइंटर लागताक्षणी उघडणारा होता. फसवायचा हेतू नव्हता, पण तुमचं सॉफ्टवेअर न बघता डेमो देणं ही चूक आमचीच.

आता एजंट ठरावीक वेळ मोजत नाही. माऊस नेण्याआधीचा आणि नंतरचा फोटो ताडून बघतो, आणि काही उघडेपर्यंत जास्तीत जास्त दोन सेकंद वाट बघतो.

दुसरी गोष्ट कबूल करायला थोडी लाज वाटते. कर्सर माणसासारखा सावकाश सरकताना बघायला बरा वाटतो, म्हणून आम्ही ती चाल मुद्दाम घातली होती. पण मुख्य मेनूवरून सबमेनूतल्या खालच्या पर्यायाकडे तो सरळ तिरका निघायचा. वाटेत शेजारच्या पर्यायावर रेंगाळला की त्याचा मेनू उघडायचा आणि आपला मिटायचा. माणूस नकळत आधी आडवा सबमेनूत शिरतो आणि मग खाली उतरतो. एजंटही आता तसाच जातो. दिसायला रोबोटसारखं दिसतं, दिसू दे.

सगळ्यात गंभीर तक्रार मात्र भलत्या ओळीची. पेट्यांच्या यादीत लॉट नंबर फक्त टूलटिपमध्ये दिसतो, आणि एजंटने दुसऱ्याच शेतकऱ्याच्या मालाचा नंबर तुमच्या एक्सेलमध्ये भरला. तुमच्या नजरेत आलं म्हणून निभावलं. द्राक्षाच्या हंगामात असा एक नंबर चुकून कंटेनरच्या कागदांवर गेला असता तर काय झालं असतं, हे तुम्ही आम्हाला समजावून सांगायची गरज नाही. याबद्दल मनापासून माफी.

"वर बरोबर, खाली चूक" असं तुम्ही लिहिलंत तिथेच रोग सापडला. तुमचा उजवा मॉनिटर 125 टक्के स्केलिंगवर आहे, म्हणजे त्यावर सगळं सव्वापट मोठं दिसतं, आणि आमचा प्रोग्रॅम तो 100 टक्के धरून चालला होता. वरून 40 पिक्सेलवरच्या बटणाला त्यात 10 पिक्सेलचा फरक पडतो, बटण तेवढं सांभाळून घेतं. 600 पिक्सेल खाली तोच फरक 150 पिक्सेल होतो, म्हणजे तुमच्या यादीत सहा-सात ओळी. आता प्रत्येक मॉनिटरचं स्केलिंग वेगळं वाचलं जातं. शिवाय टूलटिपमधलं काहीही उतरवण्याआधी, पॉइंटरखाली नेमकी कोणती ओळ आहे हे एजंट विंडोजलाच विचारतो. ओळीचा क्रमांक जुळला नाही तर तो थांबतो आणि तुम्हाला हाक मारतो. काम हळू होईल, पण खोटा नंबर भरण्यापेक्षा हळू बरं.

माऊसच्या ओढाताणीबद्दल मात्र पूर्ण दोष घेणार नाही. विंडोजच्या एका डेस्कटॉपवर पॉइंटर एकच असतो. तुम्ही आणि एजंट एकाच खुर्चीत बसलात तर धक्काबुक्की होणारच, कोणाचंही सॉफ्टवेअर घ्या. तुम्ही माऊस हलवताच एजंट हात काढून घेईल आणि तुम्ही पुन्हा सोडल्याशिवाय सुरू होणार नाही, एवढं आम्ही केलं आहे. दिवसभर दोघांना काम करायचं असेल तर एजंटला वेगळं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने तयार केलेला स्वतंत्र संगणक, द्यावं लागेल. हे विकताना सांगायला हवं होतं. आमच्या सेल्सच्या मुलाने सांगितलं नाही, आणि मीही त्याला तसं शिकवलं नव्हतं.

रात्रीचं कारण साधं आहे. तुम्ही रिमोट डेस्कटॉपची (दुसरा संगणक दुरून चालवायची) खिडकी बंद करून घरी गेलात. ती तोडली की त्या सेशनचा पडदा रंगवलाच जात नाही. एजंटला काळा फोटो मिळतो आणि माऊस टेकवायला जागाच उरत नाही. आता तो सकाळपर्यंत गप्प न बसता लगेच मोबाईलवर निरोप पाठवेल.

एका ग्राहकाने आम्हाला खासगीत सुचवलं की टूलटिपमधला मजकूर माऊस न नेताच वाचता येतो, मग हा खटाटोप कशाला? खरं आहे, बऱ्याच प्रोग्रॅममध्ये येतो, आणि जिथे येतो तिथे आम्ही तसाच वाचतो. तुमचं सॉफ्टवेअर टूलटिप स्वतः चितारतं, बाहेरच्याला तो मजकूर देत नाही. म्हणून तिथे माऊस नेण्यावाचून इलाज नाही.

दोन महिन्यांचे पैसे आज परत केले आहेत. तारे बदला असं म्हणणार नाही. सोमवारी सकाळी मी स्वतः येतो. तोवर उजव्या मॉनिटरचं स्केलिंग आहे तसंच राहू द्या, मला चूक त्याच अवस्थेत बघायची आहे. आणि त्या नव्या मुलाला खरंच ठेवलं असेल, तर त्यालाही शेजारी बसवा.