‘ती पहलवीच होती’ म्हणणाऱ्या कमेंटला उत्तर

पार्थियन या इराणच्या प्राचीन भाषेवरच्या माझ्या लेखाखाली एक कमेंट आलीये, नाव न देता. आधी ती अख्खी देतो, नंतर कुणी म्हणायला नको की मी वाक्यं तोडली. “पार्थियन वगैरे वेगळी भाषा नव्हतीच, ती पहलवीच, म्हणजे फारसीचं जुनं रूप. गूगल करून लेख पाडणाऱ्यांनी या विषयात हात घालू नये. कुर्दी ही पार्थियनचीच लेक, तेही तुम्हाला माहीत नाही. आणि या मेलेल्या भाषेशी मराठी माणसाचा संबंध काय?”

आक्षेप घ्या हो, जरूर घ्या. पण ‘लेख पाडणारे’ ही काय बोलायची पद्धत झाली? बँकेत नोकरीला होतो तेव्हापासून मी संध्याकाळी पुण्यात फारसी शिकायला जायचो, शिवकाळातली फारसी पत्रं मुळातून वाचता यावीत म्हणून, दिवसभर काउंटर, घरी मुलं लहान, तरी क्लास सोडला नाही. तिथेच आमच्या सरांनी एकदा पार्थियन आणि मध्य फारसीचे शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले आणि हे वेड लागलं ते कायमचं. तेव्हा गूगल नव्हतंच. समोरचा कोण आहे हे माहीत नसताना असं लिहिणं मला तरी जमलं नसतं.

आता ‘ती पहलवीच’. एक मान्य करतो, पहलवी हे नाव मुळात ‘पार्थव’वरूनच आलंय, त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे. पण पुढे ते चिकटलं मध्य फारसीला, म्हणजे दक्षिणेकडच्या पार्स प्रांतातल्या, ससानी राजांच्या भाषेला. पार्थियन कुठली, तर कास्पियन समुद्राच्या आग्नेयेची, आजचा ईशान्य इराण आणि तुर्कमेनिस्तान. आणि दोघींच्या लिप्या अरामीवरून आल्या म्हणून त्या एक ठरत असतील तर देवनागरीत लिहितात म्हणून मराठी आणि नेपाळीही एकच म्हणायच्या का?

शब्द बघा ना. हृदयाला पार्थियनमध्ये झिर्द, मध्य फारसीत दिल. जाणण्याचा धातू इकडे झान, तिकडे दान. दाराला इकडे बर, तिकडे दर. मुलगा इकडे पुह्र, तिकडे पुस. पहिल्या दोन जोड्यांत झ च्या जागी द येतो तो योगायोगाने नाही, तो नियम आहे, आणि असेच नियम बाकीच्यांमागेही आहेत. म्हणून तर पार्थियनला वायव्य इराणी गटात घालतात आणि फारसीला नैर्ऋत्य गटात (वायव्य हे नाव फसवं आहे खरं, बोलली जायची ती ईशान्येला). चीनमधल्या तुर्फानला जर्मन मोहिमांना मानी पंथाचे (मानी या इराणी धर्मसंस्थापकाच्या अनुयायांचे) जे कागद मिळाले त्यात दोन्ही भाषा एकाच स्वच्छ लिपीत आहेत, त्यावरून भाषाशास्त्रज्ञ पाउल टेडेस्कोने 1921 मध्येच दोघींचे फरक नीट वेगळे करून मांडले. शंभर वर्षं होऊन गेली त्याला.

आणि सगळ्यात मोठा साक्षीदार म्हणजे स्वतः ससानी राजा शापूर पहिला. त्याच्या घराण्याने इ.स. 224 मध्ये पार्थियन अर्सासिद राजांची सत्ता उलथवली, तरी इराणमधल्या नक्श-ए-रुस्तमला त्याने आपल्या विजयांचा जो लेख कोरवला तो तीन भाषांत, मध्य फारसी, पार्थियन आणि ग्रीक. पुढे त्याचा मुलगा नरसेह यानेही आजच्या इराकमधल्या पायकुलीला या दोन इराणी भाषा वापरल्या. भाषा एकच असती तर तोच मजकूर दगडावर दोनदा कोरायची मेहनत कोण घेईल? हरलेल्यांची भाषा जिंकणाऱ्याला टाळता आली नाही, केवढी गोष्ट आहे ही, आणि तुम्ही ‘जुनं रूप’ म्हणून मोकळे होताय.

कुर्दीचं म्हणाल तर ती वायव्य गटातलीच, पण थेट लेक नाही. आणि पार्थियन भाषाच नव्हती तर तिला लेक कुठून झाली?

मराठी माणसाचा संबंध विचारता? नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, त्यात गौतमीपुत्र सातकर्णीला शक, यवन आणि पल्हवांचा नाश करणारा म्हटलंय. हे पल्हव म्हणजे पार्थियनच. नाशिकला गेलात तर बघून या.

तुमची कमेंट उडवत नाहीये, राहू दे तिथेच. पुन्हा लिहायचं असेल तर नावानिशी लिहा आणि वरच्या चार जोड्यांपैकी कुठली चुकली आहे ते सांगा.