‘खाली मातीच आहे की!’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तो सासवडच्या मामांनी टाकला, दुसऱ्या दिवशी कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. त्याचा सारांश असा: मातीच्या धुपेचा, म्हणजे वरची माती निघून जाण्याचा, उगाच बाऊ केला जातो. वरची माती गेली तरी खाली तीच माती असते. उतारावरून गेलेली माती सखल भागात साठते, म्हणजे शेतातच राहते. जमीन कठीण झालीच तर खोल नांगरट करून रोटाव्हेटर, म्हणजे माती भुसभुशीत करणारं फिरत्या पात्यांचं यंत्र, मारायचा. आणि पुरावा काय, तर अमेरिकेतल्या आयोवात, जर्मनीत हिमनद्यांनी घडवलेली उंचसखल रानं पिढ्यान्‌पिढ्या नांगरली जातायत, तरी उत्पादन वाढतंच आहे.

मामा, पुरावाच उलटा निघालाय. धूप मातीचं काय करते हे उघड्या डोळ्यांनी बघायचं तर याच रानांत बघावं.

आधी ‘तीच माती’. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड थरांनी दगडगोटे, वाळू, गाळ, चिकणमाती सगळं भरडून एकत्र कालवलं आणि स्वतःच्या भाराखाली दाबून ठेवलं. या थराला टिल म्हणतात. बर्फ हटल्यावर दहा-बारा हजार वर्षं गवताच्या मुळांनी, गांडुळांनी आणि कुजलेल्या काडीकचऱ्याने त्याच्या वरच्या भागाची काळी, रवाळ माती केली. धूप होते ती या मातीची. खाली उरतो तो दाबलेला टिल.

फरक मोजता येतो. १०० घनसेंटिमीटरचं लोखंडी कडं जमिनीत ठोकायचं, आतली माती १०५ अंशांवर वाळवायची आणि वजन करायचं. चांगल्या वरच्या थराची माती साधारण १२५ ग्रॅम भरते. घट्ट टिल १७५च्या आसपास जातो. मातीच्या कणांची स्वतःची घनता घनसेंटिमीटरला २.६५ ग्रॅम धरली, तर पहिल्या कड्यात ५३ टक्के पोकळी निघते, दुसऱ्यात ३४. हवा, पाणी आणि मुळं या सगळ्यांनी त्या पोकळीतच राहायचं असतं, आणि आधी जातात त्या मोठ्या पोकळ्या. कडं ठोकतानाच हाताला कळतं म्हणा. एकीकडे ते बसत जातं, दुसरीकडे हातोडा उसळतो.

हा बदल एका रात्रीत होत नाही, म्हणून तो दिसत नाही. नांगर दरवर्षी तेवढाच खोल जातो. वरून सेंटिमीटरभर माती गेली की फाळ खालचा सेंटिमीटरभर टिल उकरून वरच्या मातीत मिसळतो. कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातला कार्बन) पातळ होत जातो, रवे धरून ठेवणारा चिकटा कमी होतो. टिलमध्ये चुना असेल तर तोही वर येतो, मग स्फुरद (फॉस्फरस) अडकून बसतं, पिकाला मिळत नाही. काळ्या रानात टेकाडांचे माथे फिकट दिसू लागतात ते यामुळेच.

आणि माथ्यावरची माती पाण्यानेच जाते असंही नाही. माथ्यावर पाणी साठून जोर धरायला जागाच कुठे असते? तिथली माती मुख्यतः नांगर नेतो. उताराकडे नांगरताना माती जास्त सरकते, चढाकडे कमी. माथ्याला वरून भरपाई देणारं कोणी नाही. अमेरिकेच्या मका पट्ट्यात उपग्रहचित्रांवरून २०२१ साली अंदाज काढला गेला, तेव्हा सुमारे एक तृतीयांश जमिनीवरचा काळा थर पूर्ण गेलेला आढळला, आणि तो मुख्यतः अशाच माथ्यांवरून. मेसेजमधलं ‘खोल नांगरा’ हे औषध म्हणजे तिथला रोगच आहे.

‘शेतातच राहते’ यात थोडं तथ्य आहे, ते मान्य. ईशान्य जर्मनीतल्या उकरमार्कसारख्या भागात खोलगटांमध्ये वाहून आलेल्या मातीचे जाड थर सापडतात, त्यांच्याखाली जुनी काळी माती गाडलेली असते, आणि कोरड्या वर्षी तिथलं पीक माथ्यापेक्षा सरसही असतं. पण पाण्याबरोबर येताना रवे फुटतात, बारीक गाळ वेगळा पडतो, त्याची खपली धरते. खोलगट बंद असेल तर पाणी तुंबतं, वाफसा (मशागतीजोगी ओल) उशिरा येतो, आणि ओल्यातच ट्रॅक्टर घातला की तेही रान दबतं. माथ्याला मात्र यातलं काही परत मिळत नाही.

रोटाव्हेटरचं म्हणाल तर मी आमच्या सासवडच्या रानातली दोन ढेकळं ओट्यावर आणली होती. एक बांधावरच्या गवताखालचं, दुसरं माथ्यावरच्या रोटाव्हेटर मारलेल्या पट्टीतलं. दोन्ही वाळवून पाण्याच्या ग्लासात सोडली. गवताखालचं बराच वेळ तसंच राहिलं. दुसऱ्याचा चहा उकळेपर्यंत चिखल झाला. यंत्राने केलेला भुसभुशीतपणा पहिल्या मोठ्या पावसापर्यंतचा असतो.

उत्पादन वाढलं ते संकरित बियाणं आणि खतांमुळे. त्याच शेतात माथ्याचं आणि खालचं पीक वेगवेगळं तोला, मग बोलू.

शिवाय आयोवाच्या माथ्याखाली निदान टिल तरी आहे. घट्ट असला तरी त्यात नांगर चालतो. पुण्याकडे हिमनदी कधी आलीच नाही, आपला पाया काळ्या पाषाणाचा. मामा, पुढच्या वेळी दिवे घाट चढताना रस्त्याच्या कडेला जिथे डोंगर कापलाय तिथे गाडी जरा हळू घ्या. वर कुठे वीतभर माती, कुठे तेवढीही नाही. खाली मुरूम, आणि त्याखाली कातळ. त्यातली ‘तीच माती’ कुठली, ते मला फोटोवर खूण करून पाठवा.