हत्ती लढाईसाठी नव्हतेच हो काका

आमच्या तलावपाळीच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर काल तो फॉरवर्ड परत आला, आणि संध्याकाळपर्यंत बिल्डिंगच्या ग्रुपवर, मग भावाने वाशीहून पाठवला तोही तोच. ज्यांच्याकडे अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, लिंकन अडचणीत, तेव्हा सयामच्या म्हणजे आताच्या थायलंडच्या राजाने आपल्या या जिवलग मित्राला हत्तींची फौज देऊ केली, सोबत तलवार आणि हस्तिदंत पाठवले, ते लिंकनने जन्मभर स्वतःच्या घरात जपले आणि रात्री जागून आभाराचं पत्र लिहिलं की माणसांच्या भांडणात मुक्या जनावरांना कशाला ओढायचं. खाली हात जोडलेले तीन इमोजी आणि "आजचे नेते काही शिकतील का?"

पाठवणारे काका माझ्या बाबांच्या वयाचे आहेत, त्यांच्यावर राग नाही. पण राजाचं पत्रही जपून ठेवलेलं आहे, लिंकनचं उत्तरही छापलेलं आहे, आणि दोन्ही वाचली तर या फॉरवर्डमधलं तलवार, हस्तिदंत आणि एक थँक्यू लेटर एवढंच खरं उरतं.

आधी तारीख बघा. राजा मोंगकुटच्या पत्रावर तारीख आहे १४ फेब्रुवारी १८६१. युद्धाची पहिली तोफ डागली गेली १२ एप्रिल १८६१ ला. म्हणजे जे युद्ध सुरूच झालेलं नाही त्याला हा माणूस बँकॉकमध्ये बसून हत्ती पाठवणार? आणि पत्र लिंकनला नव्हतंच, तेव्हा तो गादीवर आलाच नव्हता, ४ मार्चला आला. पत्र होतं आधीचे अध्यक्ष ब्युकॅनन यांना, आणि राजा एवढा हुशार की त्याने सोबत लिहिलं, किंवा त्यांच्या जागी लोकांनी नवा कोणी निवडला असेल तर त्याला. पत्र आणि सामान पोचेपर्यंत खुर्चीवर लिंकन, म्हणून उत्तर त्याने दिलं, ३ फेब्रुवारी १८६२ ला. जिवलग मित्र वगैरे कुठून आलं? दोघांची कधी भेट नाही.

आता हत्ती. इथे खरी गोष्ट फॉरवर्डपेक्षा कितीतरी मजेशीर आहे. जॉन अॅडम्स नावाचं अमेरिकन जहाज सयामला गेलं होतं, त्याच्या कॅप्टनशी गप्पा मारताना राजाला कळलं की अमेरिकेत हत्तीच नाहीत, नुसता मोठा सुळा कुठे ठेवला तरी बघायला हजारो लोक गर्दी करतात. त्यात त्याने हेही ऐकलेलं की अमेरिकेने बाहेरून उंट आणलेत आणि ते तिथे वाढतायत. मग त्याने विचार केला, उंट चालतात तर हत्ती का नाही! तरुण नर-माद्यांच्या काही जोड्या रानात सोडा, पाणी-गवत भरपूर असेल अशा जागी, कोणी त्यांना त्रास देऊ नका, वाढू द्या, मग पकडून माणसाळवा आणि जिथे गाडीरस्ता नाही तिथे ओझं वाहायला वापरा. लढाईचं नावसुद्धा नाही. हा सरळसरळ पशुसंवर्धनाचा प्रस्ताव आहे, कुठल्याही सरकारी खात्यात शोभेल असा. जहाज तुम्हीच आणा आणि त्यात गवत, पाण्याच्या टाक्या वगैरे सोय तुम्हीच करा, हेही लिहिलंय. हत्ती आमचे, ट्रान्सपोर्ट तुमचं.

आणि अट काय घातली तर प्रदेश उष्ण कटिबंधातला पाहिजे. लिंकनच्या उत्तरात नकार आहे तो याच मुद्द्यावर, की आमची हद्द इतक्या खालच्या अक्षांशापर्यंत येत नाही जिथे हत्तींची पैदास होईल. नकाशा काढून बघा, कर्कवृत्त साडेतेवीस अंशावर, आणि फ्लोरिडाचं दक्षिण टोक त्याच्याही वर राहतं. आपलं ठाणं १९ अंशावर, म्हणजे राजाच्या अटीत आपण पास झालो असतो, अमेरिका नापास.

दुसरं कारण त्याने दिलं ते वाफेचं: जमिनीवर आणि पाण्यावर माल वाहायला आमच्याकडे वाफ आहे, ती सगळ्यात उपयोगी. मुक्या जनावरांची दया, माणसांची भांडणं यातलं काही त्या पत्रात नाही, ते वाक्य कोणीतरी घरी बसून बनवलेलं आहे. ठाणेकरांना तरी हे वाफेचं उत्तर पटायला हवं, बोरीबंदरहून आपल्या स्टेशनात वाफेची गाडी १८५३ लाच आली होती, या पत्राच्या नऊ वर्षं आधी!

भेटवस्तू घरात जपल्या हा तर उलटा आरोप झाला, काकांना वाटतंय ते कौतुक करतायत. अमेरिकेच्या घटनेतच आहे की पदावरच्या माणसाने काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या परवानगीशिवाय कुठल्या राजाकडून भेट घ्यायची नाही. हे राजालाही माहीत होतं आणि लिंकनने उत्तरात तेच लिहिलं, की तुमच्या पत्रावरून दिसतं की आमचा कायदा तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून या वस्तू अमेरिकन जनतेच्या नावाने घेतोय. तलवार, राजाचा आणि त्याच्या लेकीचा फोटो, आणि दोन सुळे, इतके मोठे की सयामच्याच हत्तीचे असणार असं म्हणतो, सगळं सरकारी दप्तरात जमा. आपल्याकडे परदेशातून मिळालेल्या भेटी जमा करायला परराष्ट्र खात्याचा तोशाखाना असतो तसंच काहीसं. (आमच्या सोसायटीत मागच्या दिवाळीला एका कॉन्ट्रॅक्टरने कमिटीला दिलेला काजू-बदामाचा डबा कोणाच्या घरात जमा झाला ते मी इथे लिहीत नाही, पण लिंकनचा फॉरवर्ड त्या घरातूनही आला होता.)

राहिलं ते "मित्रा". लिंकनच्या पत्राची सुरुवात "थोर आणि चांगल्या मित्रा" अशी आहे आणि शेवटी "तुमचा चांगला मित्र" हेही खरं. पण परदेशच्या राजेलोकांना लिहिताना तेव्हाचं अमेरिकन सरकार याच मायन्याने लिहायचं, आपण विजेच्या ऑफिसला "माननीय महोदय" लिहितो त्यात जेवढा जिव्हाळा तेवढाच. खाली परराष्ट्रमंत्री सुअर्डची सही आहे. हे सरकारी पत्र आहे, रात्री जागून लिहिलेली मनातली चिठ्ठी नाही.

लिंकनचं घरगुती आभारपत्र कसं असायचं ते बघायचं असेल तर त्याच वर्षीचं २ एप्रिलचं पत्र आहे. फिलाडेल्फियाच्या एका माणसाने लिंकनच्या मुलासाठी पांढरे ससे पाठवले होते. सयामच्या राजाला उत्तर लिहिल्यानंतर सतराच दिवसांत लिंकनचा अकरा वर्षांचा विली आजारपणात गेला होता, त्यामुळे घरात धाकटा टॅड एकटा. पत्रात त्यातलं काही नाही, फक्त एवढंच की माझ्या छोट्या मुलाच्या वतीने सशांबद्दल आभार, तो खूप खूश आहे. संपलं पत्र. काका, ग्रुपवर टाकायचंच असेल तर हे टाका, दोन ओळींचं आहे, टाइप करायलाही सोपं.